माझं स्टेटस आणि आज्जीचं माहेरचं नाव

आप्पांनी माझ्या मोबाईलवरच्या स्टेटससाठी चालता माग बंद केला, हे बेळगावच्या आमच्या वडगावात कुणाला सांगितलं तर पटणार नाही. आमच्याकडं माग थांबतो तो करंट गेल्यावर, नाहीतर घरात कुणी गेल्यावर. पाहुणा दारात आला तरी माणूस मागावरूनच “बसा की ओ” म्हणून ओरडतो आणि साडी पुढं सरकत राहते. त्या संध्याकाळी मी मच्छेहून कामावरून आले, दारात चप्पल काढली आणि तिथंच थबकले. घरात आवाजच नव्हता. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुताची कांडी हातात धरून बसलेली, आणि आप्पा मागापुढं उभे.

“ह्यो फोटो कुणी लावलाय?”

आप्पांच्या स्वतःच्या मोबाईलला बटणं आहेत. त्यांना माझं स्टेटस दाखवलं ते माझ्या चुलत काकांनी, पलीकडच्या गल्लीतून मुद्दाम चालत येऊन. स्टेटसवर माझ्या आज्जीचा, म्हणजे आप्पांच्या आईचा, फोटो होता. खाली मी लिहिलं होतं, ‘माझी आज्जी मला परत भेटणार आहे. तिचं नाव मी आमच्या मंदिरात पाठवणार आहे. तुमच्या आज्ज्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत का?’ काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर स्वतःची भर घातली, की पोरगी आता मेलेल्या म्हातारीलाबी बाटवालीय.

“जित्ती माणसं पुरंनात व्हय तुम्हाला?” आप्पा म्हणाले. “मेलेल्यांच्या मागं लागलाय?”

मी तोंडाची फाटकी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. मी म्हणाले, “आज्जी जित्ती असताना काकांना इकडं यायला कधी सवड झाली न्हाय, आणि आज बरे पाय फुटले!” ते ऐकून आप्पा आणखीच भडकले आणि आईनं कपाळावर हात मारून घेतला.

हे मंदिर कुठलं आणि मी तिथवर कशी गेले, ते सांगितलंच पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, बाईचं डोकं फिरलंय. तसं वाटणारे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत, त्यात आणखी भर नको.

मी मॉर्मन आहे. हा शब्द पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास विचारतो, “म्हणजे ख्रिश्चनच की?” मी म्हणते, येशूला मानणारेच, पण आमची रीत जरा वेगळी. मग तो विचारतो, “तू चहा घेत न्हाईस ते ह्याच्यामुळंच काय?” आमच्या धर्माबद्दल आमच्या गल्लीला एवढं एकच पक्कं माहीत आहे, की त्यात चहा चालत नाही. चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही. दारू-तंबाखूचं लोकांना कौतुक वाटतं. चहाचं मात्र कुणी माफ करत नाही. पहिल्या आठवड्यातच आईनं मला विचारलं होतं, “मग पाव्हण्यात गेल्यावर हातात काय धरून बसणार गं तू?” तेव्हापासून ती माझ्यासाठी सुंठ-धण्याचं कषाय करते आणि ते सुद्धा चहाच्याच कपात देते, म्हणजे लांबून बघणाऱ्याला कळू नये.

हे सगळं सुरू झालं आज्जी गेल्यावर. मला वाढवलं आज्जीनं. आप्पा मागावर, आई मागावर, आणि मी आज्जीच्या मांडीवर. ती एका हातानं रहाट फिरवून कांड्या भरायची आणि दुसऱ्या हातानं मला दहीभात चारायची. भातात सुताचा धागा सापडला की म्हणायची, “खा, पोटात साडी हुईल.” आणि मी खरंच वाट बघायची. ती गेली तेव्हा मी तिशी ओलांडलेली, कारखान्यात बिलं करणारी बाई, आणि लहान पोरीसारखी हुंदके देत रडले. दिवसवार झाले, पाहुणे गेले, माणसं आपापल्या कामाला लागली. मला मात्र काही सुचेना. कारखान्याच्या बसमध्ये बसायचं आणि मोबाईलवर बोट फिरवत राहायचं. काही बघत नव्हते, नुसतं बोट फिरवत होते.

त्यात एक व्हिडिओ आला. साडी नेसलेली एक साधी बाई अडखळत हिंदीत सांगत होती, की घरची माणसं मेल्यावर सुटत नाहीत, बांधलेली राहतात, पुन्हा भेटतात. मला राग आला. आमच्या दुःखावर कुणीही येऊन गोड बोलून जावं काय? मी खाली लिहिलं, ‘कशावरून?’

त्या ‘कशावरून’चं उत्तर द्यायला मॉर्मनांच्या दोन प्रचारक मुली व्हिडिओ कॉलवर आल्या. माझ्यापेक्षा कितीतरी लहान, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेल्या. एक आंध्राकडची, दुसरी कुठल्यातरी डोंगराळ मुलखातली. मी त्यांना धारेवर धरलं. माझी आज्जी रोज तुळशीला पाणी घालत होती, तिला तुमचा देव ओळखतो का? का तिला नरकात टाकलंय? धाकटी घाबरून थोरलीकडं बघायला लागली. थोरली म्हणाली, “दीदी, मला नीट माहीत नाही, विचारून सांगते.” मला ते आवडलं. धर्माच्या बाबतीत ‘मला माहीत नाही’ म्हणणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती खरंच विचारून आली. तिसऱ्या दिवशी मी नवे प्रश्न घेऊन बसले. असं करत करत जवळजवळ वर्ष गेलं, आणि एके दिवशी मी बेंगळूरला जाऊन पाण्यात बुडी मारून, त्यांच्यातली होऊन आले.

आप्पा तेव्हा ओरडले नाहीत. “तुझं तू बघ, पोरी. पर घरात भांडान आणू नको,” एवढंच म्हणाले. गणपतीत मी अजून मोदक वळते, आरतीला टाळ वाजवते. हे तुमच्यात चालतं का, असं आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, “मोदक चालतात.” ती म्हणाली, “मग तुझा धर्म बरा हाय.”

मग मला बोलायची हौस लागली. रविवारी आम्ही मोजकी माणसं एका खोलीत जमतो, बाकीचे आपापल्या गावातून मोबाईलवर. आमच्या धर्माचं मराठीत जे काही वाचायला मिळतं, ते वाचताना सरकारी नोटीस हातात आल्यासारखी वाटते. मी तेच आमच्या भाषेत सांगायला लागले. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मागच्या आंब्याखाली जायचं, मोबाईल डब्याला टेकवून उभा करायचा आणि “मी काय म्हणालोय, जरा ऐका की ओ” अशी सुरुवात करायची. कुणीतरी पुण्याकडचं खाली लिहायचं, ‘ताई, बाई असून मी आलो, मी गेलो काय म्हणता?’ मी लिहायची, आमच्या बेळगावात बायका असंच बोलतात, तुम्ही मुद्द्याचं बोला. शिव्या यायच्या. किती पैसे मिळाले, असं विचारणारे तर ठरलेलेच. कारखान्यातल्या स्टोअरचे अण्णा एकदा बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, संभाळून हां. आजकाल धर्मांतराची लगीच केस घालतात.” मला भीती वाटत नाही असं नाही, वाटते. पण मी कुणाच्या दारात जात नाही, कुणाला काही देत नाही, कुणाला ये म्हणत नाही. माझ्या मोबाईलवर माझं सांगते. ज्याला नको त्यानं अंगठ्यानं वर सरकवावं.

ऐकणारेही होते. गुंजीची एक बाई मला आवाजाचे निरोप पाठवायची. तिच्या घरात रेंज नव्हती म्हणून ती रेल्वे स्टेशनापर्यंत चालत यायची, आणि तिच्या बोलण्यामागं गाडीची सूचना कानडीत ऐकू यायची. पहिल्याच निरोपात तिनं विचारलं, “आक्का, तुमच्यात म्हणं गेलेलं लेकरू परत भेटतंय. खरं काय ओ?” मला धर्मातलं एकेक वचन आठवलं, आणि त्यातलं एकही तिला सांगवेना. शेवटी म्हणाले, “मी तसं मानतो, बाई. आज्जीसाठी तसं मानल्याबिगर मला राहवत न्हाय.” ती मॉर्मन झाली नाही आणि तिला व्हायचंही नव्हतं. अजून रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवते. एवढी बडबड करून तुझ्यामुळं कोण आलं, असं आमच्या रविवारच्या मंडळींत कधीतरी निघतं. कुणी आलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, हे मात्र मी तिथं बोलत नाही.

आता नावांचं. आमच्यात प्रत्येकानं आपल्या पूर्वजांची नावं शोधायची असतात. मंदिरात एखादं जिवंत माणूस मेलेल्याच्या नावानं, त्याच्या वतीनं पाण्यात उतरतं. म्हणून काही ते मेलेलं माणूस आमच्यातलं होत नाही. त्याला तिकडं विचारतात, तुला हे हवं का नको? नको म्हणालं तर नको. आणि अलीकडं गेलेल्या माणसाचं नाव द्यायचं झालं, तर त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाची परवानगी लागते. आज्जीचं जवळचं माणूस म्हणजे आप्पा. तिला तेवढं एकच पोर. आप्पांनी हो म्हटल्याशिवाय आज्जीचं नाव कुठंही जाणार नव्हतं, आणि मला तर ते पाठवल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. तिला मी हाक मारीन, आणि तिला ऐकूच जाणार नाही, अशी मला धास्ती लागून राहिली होती.

आप्पांच्या घराण्यातल्या पुरुषांची नावं मला आयती मिळाली होती. आमच्याकडं काही वर्षांनी हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटरसायकलवर येतो. घरोघरच्या वंशावळी त्याला तोंडपाठ. दारात उभा राहून खापरपणजोबापासून घडाघडा म्हणतो आणि आई त्याला सुपातून तांदूळ घालते. गेल्या खेपेला मी त्याचं बोलणं मोबाईलवर भरून घेतलं आणि सगळी नावं आमच्या धर्मातल्या वंशावळीच्या ऑनलाइन झाडाच्या फांद्यांवर बसवली. सगळे बापे. मी विचारलं, “आणि बायका कुठं गेल्या?” तो हसला. “बायकांची नावं म्हणत न्हाईत, आक्का.” मी त्याला म्हटलं, “मग ही सगळी बापय माणसं झाडाला लागली होती काय?” आईनं मला डोळे वटारले आणि त्याच्या झोळीत आणखी एक ओंजळ तांदूळ टाकले.

तर त्या संध्याकाळी हे सगळं मी आप्पांना समजावून सांगायला लागले. उभ्या उभ्या, आणि तेही ओरडून. ओरडून समजावलेलं कुणाला पटतं?

“तिकडं विचारतात म्हणं!” आप्पा म्हणाले. “कोण विचारतंय? कचेरी हाय काय तिकडं? माझ्या आईनं जल्मात दुसऱ्याच्या ताटाला हात लावला न्हाय. तिचं नाव तुमच्या मंदिरात न्हाय जायाचं. मी हाय तोवर न्हाय.”

“मग नुसतं नाव तरी सांगा तिचं!”

“आज्जीचं नाव म्हाईत न्हाय व्हय तुला?”

“ते सासरचं. माहेरचं नाव काय होतं?”

आप्पांनी कपाळ खाजवलं. मग आईकडं बघितलं. आई म्हणाली, “मला कसं ठावं? मी सून.” आप्पा मागाच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना येत नव्हतं. ज्या आईच्या नावासाठी ते भांडत होते, तिचं जन्माचं नाव त्यांना माहीत नव्हतं. आमच्याकडं पुष्कळ घरांत लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, आणि त्या दिवसापासून पोरीचं जुनं नाव माहेरी राहतं. आज्जीचं माहेर निपाणीचं. कुठल्याशा मानपानावरून आप्पा लहान असतानाच जाणं-येणं तुटलेलं. नाव तिकडंच राहिलं.

आप्पांनी माग सुरू केला. मी जिंकले असं मला वाटायला हवं होतं. पण त्यांचं तोंड बघून माझं मलाच कसंतरी झालं.

पुढं कितीतरी दिवस ते माझ्याशी सरळ बोलत नव्हते. मी समोर बसलेली असताना आईला म्हणायचे, “तिला सांग, दार लाव.” मी पण आईला सांगायची, “त्यांना सांग, लावलंय.” आई म्हणायची, “माझं काय पोस्ट हापीस केलंय काय दोघांनी?” मी स्टेटस काढून टाकलं होतं, पण ते सांगायचं कुणाला? मध्येच आप्पा जेवता जेवता थांबायचे. एकदा आपल्याशीच पुटपुटले, “मामा तिला काय म्हणून हाक मारायचा?” आणि भात तसाच ठेवून उठले. आईनं त्यांना चुलत काकांकडं जाऊन विचारायला सांगितलं. ते गेले. काकांना माझ्या स्टेटसमधलं सगळं पाठ होतं, आज्जीचं माहेरचं नाव मात्र येत नव्हतं.

एका रविवारी मी सभेला निघाले होते. आप्पा बाहेरच्या खोलीत धुतलेला सदरा आणि टोपी घालून बसलेले. “कुठं निघालीस?” त्यांनी सरळ मलाच विचारलं. मी सांगितलं.

“आज ऱ्हाऊ दे. चल निपाणीला.”

ते म्हणाले, “तुझ्या धर्मासाठी न्हाय. मला माझ्या आईचं नाव पायजे.”

मी मोबाईलवर कळवलं, आज येत नाही, वडलांबरोबर जातोय. बसमध्ये आप्पांनी खिडकी मला दिली. गाडी संकेश्वरला थांबली. तिथं त्यांनी शेंगा घेतल्या आणि अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्या. आमच्या घरात माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

निपाणीत आज्जीची धाकटी बहीण आहे, भावंडांतली एकटीच उरलेली. तंबाखूच्या वखारींमागं दोन खोल्यांत राहते. जन्मभर विड्या वळल्या. आता डोळ्यांनी कमी दिसतं, तरी बोलताना तिची बोटं मांडीवर काहीतरी वळतच असतात. गल्लीत शिरताच आप्पांना शिंका सुरू झाल्या, त्या थांबेनात. आतून म्हातारीचा आवाज आला, “कोण आलंय? निपाणीचं नाक न्हवं हे!”

आप्पांनी ओळख सांगितली. म्हातारीनं हात पुढं केले. मग म्हणाली, “आक्काचा ल्योक?” आणि आप्पांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपायला लागली. आप्पा सत्तरीला आले आहेत. ते तिच्यापुढं गुडघ्यावर बसून राहिले. मागच्या भांडणाचं कुणी नाव काढलं नाही. ते भांडण घालणारी माणसं कधीच गेली होती.

चहा आला. मी कप हातात घेतला नाही, तशी म्हातारीनं विचारलं, “आमच्या घरचं चालत न्हाय व्हय?” एवढी बोलकी मी, पण तिथं मोबाईलवरचं काही उपयोगी पडलं नाही. आप्पा मधेच म्हणाले, “ती कुठंच घेत न्हाय, मावशी. तिचा तसा नेम हाय.” इतकी वर्षं मी जगाला जे समजावत होते ते आप्पांनी एका वाक्यात उरकलं होतं, आणि म्हातारीला ते पटलंही. तिनं मला गूळ दिला.

मग आप्पांनी नाव विचारलं. म्हातारीनं सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही, ते आज्जीचं आहे. लहानसं, गोड नाव आहे. आप्पांनी ते हळूच तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं.

“तिच्या थोरल्या जावंचं नाव बी तेच हुतं,” म्हातारी सांगायला लागली. “एका घरात एका नावाच्या दोन सुना कशा चालतील? म्हणून बदललं. आक्काला वाचाय येत हुतं रं, चौथीपतोर शिकल्याली. तांदळात लिवल्यालं तिनं वाचलं. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिवालेत. तिला कुणी सांगितलंच न्हवतं.”

“मग?”

“मग थोड्या दिसानं वडगावास्नं सांगावा आला. पोरगी बहिरी दिलीसा म्हणून. हाक मारली तर वळून बघत न्हाय, ओ देत न्हाय. आमचा बाबा घाबरला, तसाच गेला पळत. मी बी हुतो संगं, लहान हुतो. दारातनंच बाबानं तिला हाक मारली, हितल्या नावानं. ती मागं भांडी घासालती. राखंचं हात घिऊन पळत आली. बाबाच्या धोतराला राखच राख.”

म्हातारीची बोटं वळत होती.

“बाबा सगळ्यांना म्हणाला, बगा, पोरीचं कान चांगलं हाईत. सगळी हसली. मग बाबानं तिला बाजूला घिऊन सांगितलं, आता हितलं नाव ते तुजं नाव, त्याला ओ देत जा. आणि आमी परत आलो.”

“आणि ती?” आप्पांनी विचारलं.

“ती काय. ओ द्यायला लागली.”

निघताना म्हातारीनं आप्पांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि मला म्हणाली, “येत जा गं.” आप्पा गल्लीतून शिंकत शिंकत बाहेर आले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं तंबाखूचं किती हे मी विचारलं नाही. मी स्वतः रडत होते. मांडीवर बसून जिच्या हातचा भात खाल्ला, तिला एके काळी सगळ्या घरानं बहिरी ठरवलं होतं, आणि ती त्यातलं एक अक्षर कधी बोलली नव्हती. मला त्या माणसांचा इतका संताप आला, की ती माणसं जिवंत असती तर मी भर गल्लीत त्यांची खरडपट्टी काढली असती.

निपाणीच्या स्टँडवर कंडक्टर कोल्हापूर, कोल्हापूर म्हणून ओरडत होते. आम्ही बाकावर बसलो. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“तिकडं विचारतात म्हणालीस.”

मला आधी कळलंच नाही.

“मेलेल्या माणसाला,” ते म्हणाले. “हे पायजे का नको, असं विचारतात म्हणालीस त्या दिशी.”

“व्हय.”

“नको म्हणाली तर?”

“तर नको. तिथंच संपलं.”

“मागं लागायचं न्हाईत? घरची काय म्हणतील, म्हणून दम द्यायचं न्हाईत?”

“न्हाय, आप्पा.”

“ती न्हायच म्हणणार, बघ. तुळशीला पाणी घातल्याबिगर तोंडात घोट न घेणारी बाई ती.”

“म्हणू दे की. तिचा हक्क हाय.”

बेळगावची गाडी लागली. माणसं चढायला लागली. मी पिशवी उचलली, पण आप्पा बाकावरून उठले नाहीत. टोपीची कड बोटांनी सारखी करत राहिले.

“दे मग नाव,” ते म्हणाले. “हितलं दे, त्याच नावाला ती वळून बघंल. व्हय म्हणू दे न्हाईतर न्हाय म्हणू दे. पर जल्मात तिला कुणी काय विचारलं न्हाय, पोरी. मी बी न्हाय. एकदा तरी कुणीतरी विचारू दे.”